हळदीकुंकवाचे दोन एकर

बिंदुमाधव गप्प बसला, तर त्याच्या पदरात सहा हजार सदतीस रुपये पन्नास नवे पैसे जास्त पडणार होते.

हा आकडा त्यानं कुठल्याही कागदावर मांडला नव्हता. भूसंपादनाच्या कचेरीत अकरा वर्षं कारकुनी केलेला माणूस असले हिशेब बसमध्ये दांडीला लोंबकळतसुद्धा करतो. वडिलांची, विश्वेश्वररावांची, येलहंक्याची जमीन सहा एकर. त्यातली चार एकर कोरडवाहू, रागीची, एकरी बाराशे. उरलेली दोन एकर द्राक्षबाग. एकरी साडेचार हजार. विहीर, पंप आणि बागेतलं कौलारू घर मिळून पंधराशे. सक्तीनं घेतात म्हणून वर शेकडा पंधरा. एकंदर सतरा हजार पाचशे पंच्याण्णव. ते दोघा भावांत वाटले तर एकेकाला आठ हजार सातशे सत्त्याण्णव आणि पन्नास पैसे. पण बाग, विहीर आणि घर बहिणीचं, मथुरेचं, असं ठरलं तर भावांना राहिली नुसती रागी: माणशी दोन हजार सातशे साठ. वजाबाकी कोणीही करावी.

तो हा हिशेब भीत भीत करत होता. तो भ्याला होता ते पैशाला नाही. ते सहा हजार हाताशी येण्याआधी त्यानं जे करून ठेवलं होतं, त्याला.

गोष्ट बासष्टच्या नोव्हेंबरातली, चीनशी लढाई चालू असतानाची. नेफातून रोज वाईट बातम्या येत होत्या, मल्लेश्वरमच्या बागेत लोक खंदक खणत होते, आणि येलहंक्याच्या जुन्या धावपट्टीभोवतीची जमीन विमानदळाला हवी असा दिल्लीचा हुकूम आला. जमीन घ्यायची मैसूर सरकारनं, मोबदला वाटायचा मैसूर सरकारनं, आणि सगळी सपाट करून द्यायची दिल्लीला. गावचं दप्तर सांभाळणाऱ्या शानभोगानं, शिवाप्पानं, यादी पाठवली: कुठला नंबर, कोणाच्या खात्यावर, कब्जा कोणाचा. एकेचाळीस नंबरापुढे त्यानं आपल्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, ‘खाता विश्वेश्वरराव, मयत. बाग, विहीर, घर यांचा कब्जा मुलगी मथुराबाई.’ ती यादी नक्कल करायला नेमकी बिंदुमाधवाच्या मेजावर आली. घरच्या जमिनीचा कागद मेजावर आला तर हेडक्लार्कला सांगून तो दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम होता. बिंदुमाधवानं सांगितलं नाही. घरी मात्र सांगितलं. थोरले भाऊ सुब्बाराव पान लावता लावता म्हणाले, “तेवढी एक ओळ राहून गेली, तर?”

ओळी राहून जातात. म्हणूनच कचेरीत रुजुवात असते: एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून खुणा करायच्या, खाली दोघांच्या सह्या. मूळ वाचलं बिंदुमाधवानं. खुणा केल्या शेजारच्या मेजावरच्या कृष्णातनं, ज्याला चार मुलं आणि एक आजारी बायको होती. एकेचाळीस नंबराशी बिंदुमाधवानं ‘खाता विश्वेश्वरराव, मयत’ एवढं वाचलं, एक श्वास घेतला, आणि बेचाळीसवर गेला. कृष्णातनं खूण केली. एवढंच झालं होतं. आता फेब्रुवारी होता आणि त्या श्वासानंतर त्याला धड झोप लागली नव्हती.

त्या मंगळवारी साडेदहाला अधिकारी जागेवर चौकशीला येणार होते. घरची मंडळी नऊलाच बागेत पोचली. चामराजपेटेहून येलहंक्यापर्यंत बस, तिथून जटका. सुब्बारावांनी दुकानाच्या उद्घाटनाला घातलेला काळा कोट घातला होता. चिकपेटेत त्यांचं वह्या-कागदांचं दुकान होतं. त्यांच्या बायकोच्या, कौशल्येच्या मांडीवर चित्रान्नाचा डबा. तिसरा बिंदुमाधव, त्याच्या मांडीवर काही नव्हतं आणि हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नव्हतं.

शेजारचं शेत सपाट झालं होतं. परवापर्यंत तिथे चिंचेची सात झाडं होती. आता बुंध्यांची भोकं होती, चुन्याच्या रेघा होत्या, आणि रेघेच्या टोकाला एक शिपाई बंदूक घेऊन उभा होता. तो काही करत नव्हता. तरी जटकेवाल्यानं घोड्याला शब्दानं न हाकता नुसता लगाम हलवला, आणि सुब्बारावांनी पैसे देताना घासाघीस केली नाही. कौशल्येनं नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यांनी घासाघीस न करता दिलेलं हे पहिलं भाडं.

मथुरा मांडवाखाली होती. दगडी खांबांवर तारा ओढलेला द्राक्षांचा मांडव. घड लागलेले, पण अजून हिरवे, करकरीत. ती आणि बागेतला गडी मल्लाप्पा मोरचूद आणि चुना कालवून फवारत होते. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत निळसर.

“आज फवारतेस?” सुब्बाराव म्हणाले. “सरकार येतंय घ्यायला, आणि तू औषध मारतेस?”

“अण्णा, भुरी पडली तर आजच पडेल. ती काय नोटीस वाचून येते?” मथुरा म्हणाली. मग भावजयीला, “वैनी, आत चला. सावली आहे.”

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, एवढं खाली की मांडवाची पानं पोट दाखवून उलटी झाली. सगळ्यांनी मान खाली घातली. सुब्बारावांनी घातली, मल्लाप्पानं घातली, कौशल्येनं डबा छातीशी धरला. आपलंच विमान होतं. पण आपलं काय, त्यांचं काय, आवाज तोच. वर न बघता फवारत राहिली ती एकटी मथुरा; पण नळीच्या तोंडाचे थेंब वाकडे पडत होते, ते बिंदुमाधवाला दिसलं.

आत सुब्बारावांनी कोटाच्या आतल्या खिशातून टाइप केलेला कागद काढला.

“निवेदन आहे,” ते म्हणाले. “तीन सह्या. माझी, बिंदूची, तुझी. आमच्या सह्या झाल्यात.”

“त्यात काय लिहिलंय?”

“नेहमीचंच. जमीन वडिलोपार्जित, वारस दोन मुलगे. बहीण विधवा, भावांच्या परवानगीनं बागेत राहते, तिचा काही दावा नाही. पुढे तिचा सांभाळ भाऊ करतील. हे शेवटचं मी मुद्दाम घालायला लावलं.”

“सांभाळ,” मथुरा म्हणाली. तिनं हात पदराला पुसले, कागद घेतला नाही. “कुठे?”

“कुठे म्हणजे? चामराजपेटेत. स्वयंपाकघरामागची खोली रिकामीच आहे.”

“त्यात लाकडं आहेत,” कौशल्या म्हणाली.

“लाकडं काढता येतात.”

मथुरेनं घराकडे पाहिलं. घर म्हणजे दीड खोली. पण तिचा दरवाजा, तिची कडी. लग्नात, एकेचाळीस साली, वडिलांनी हे दोन एकर तिला हळदीकुंकवासाठी म्हणून दिले होते. तिच्या घराण्यात ते तसंच द्यायचे: विहिरीपाशी चार माणसं बोलवायची, बांधाच्या दगडाला हळद लावायची, मुलीच्या ओंजळीत पाणी सोडायचं, आणि लिहायचं काही नाही. लिहून मागणं म्हणजे भावाकडून पावती मागणं. अशा मुलीला बायका नावं ठेवत. मथुरेनं पावती मागितली नाही. नवरा पाच वर्षांत गेला, ती परत आली, पडीक दोन एकरांत दगडी खांब उभे केले, होसकोटहून काड्या आणून लावल्या. दर गौरीला दोन्ही भाऊ बागीन, म्हणजे सुपातलं वाण, घेऊन यायचे, बांधाच्या दगडाला पुन्हा हळद लावायचे, जेवून जायचे. सोळा वर्षं. यालाच घरचे सगळे कागद समजत आले.

“अण्णा,” ती म्हणाली, “सहा महिन्यांपूर्वी गौरीला तुम्हीच हळद लावलीत.”

“लावली. नाही कुठे म्हणतो? पण हळद अधिकाऱ्याला दाखवायची का? तो विचारेल, दस्तऐवज कुठाय.” सुब्बारावांनी आवाज खाली आणला, जणू बाहेरच्या शिपायाला ऐकू जाईल. “आणि हे बघ, दिवस कसले आहेत? आणीबाणी आहे. संरक्षणाची जमीन. बायका बांगड्या काढून देतायत, आणि आपल्या घरातून हरकत गेली तर काय म्हणतील? शेजारच्या मुनिस्वामीच्या पोरानं नुसतं विचारलं, चिंच का तोडता, तर दोन दिवस बसवून ठेवला चौकीत.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच वाईट होतं. सुब्बाराव स्वतःही घाबरले होते. पण ते दुकानदार होते. गोदामात पडलेली भीतीसुद्धा त्यांना विकायला काढता येत असे.

“मी हरकत घेत नाही,” मथुरा म्हणाली. “सरकारला हवी, सरकारनं घ्यावी. विमानं काय माझ्या मांडवावर उतरणार? मी एवढंच म्हणते, घ्यायची ती माझ्याकडून घ्यावी. माझ्या नावचे जे येतील त्यात कुठे दीड खोली मिळेल.”

“बाईमाणूस एकटी कुठे राहणार?”

“इथे कोण होतं सोबतीला? साप?”

मल्लाप्पा दाराशी हसला आणि लगेच हसू गिळलं.

कौशल्या इतका वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती. सगळ्या घराचा समज असा, की ती नणंदेच्या वाईटावर आहे. तो समज तिनंच वीस वर्षं सांभाळला होता. घरात थोडा दरारा असलेला बरा. आज मात्र तिनं एकच प्रश्न विचारला.

“अहो, माझा होसकोटचा एकर. चौदा नारळ. तोही हळदीकुंकवाचाच, त्याचाही कागद नाही. तो उद्या सरकारनं मागितला, तर माझे भाऊही असंच टाइप करून आणतील?”

“तुझे भाऊ तसले नाहीत.”

“वन्संचे तरी कुठे होते?”

सुब्बारावांनी कागद घडी घालून खिशात ठेवला, परत काढला, पुन्हा ठेवला. बिंदुमाधवाकडे बघून म्हणाले, “तू सांग. तू कचेरीतला आहेस. तुझं ऐकेल ती.”

“बिंदू,” मथुरा म्हणाली, “जरा विहिरीपाशी ये. हातावर पाणी घाल माझ्या.”

विहिरीच्या कडेला तो कळशीनं पाणी घालत होता आणि ती निळे हात चोळत होती. निळं नखांतून जात नव्हतं.

“परवा शिवाप्पा आला होता,” ती म्हणाली. “शानभोग.”

कळशीचं पाणी तिच्या पायावर पडलं.

“म्हणाला, तुमचं नाव मी लिहून दिलं होतं, अम्मा, ते वरून आलेल्या नकलेत दिसत नाही. खाली कोणाची सही आहे तेही म्हणाला.” ती अजून हात चोळत होती. “मी म्हटलं, चूक असेल. तो म्हणाला, असेल. मूळ कागद माझ्या बस्त्यात आहे, तुम्ही दावा सांगितलात की साहेब मागतील, मी देईन. भला माणूस आहे रे. त्याला वाटलं, मला आनंद होईल.”

बिंदुमाधवाच्या कानांत विमानासारखंच काही घुमायला लागलं. एवढे दिवस तो समजत होता की ही गोष्ट त्याला, सुब्बारावांना आणि देवाला ठाऊक आहे. आणि या तिघांपैकी कोणी बोलणार नाही.

“अक्का...”

“तू केलंस?”

त्यानं मान डोलावली.

“मुद्दाम?”

पुन्हा तेच.

मथुरेनं कळशी त्याच्या हातातून घेतली आणि कडेला ठेवली, तो ती आत पाडेल म्हणून. “मूळ निघालं तर तुझं काय होतं?”

हे त्यानं रात्रीच नव्हे, दिवसाढवळ्या मेजाशी बसूनसुद्धा शंभरदा मोजलं होतं, त्यामुळे उत्तर पटकन आलं. आधी निलंबन. मग घरची जमीन लपवली म्हणून खात्याची चौकशी. संरक्षणाचा कागद, म्हणून पोलीस. पेन्शन गेली. “आणि कृष्णातही जाईल,” तो म्हणाला. “त्याची पण सही आहे. त्याला काही माहीत नाही. मी वाचलं, त्यानं खूण केली.”

“चार पोरं ना त्याला?”

“चार.”

विहिरीत एक पारवा फडफडला. दूर रस्त्यावर धूळ दिसायला लागली. जीप.

इथे बिंदुमाधवाला एक वाक्य म्हणता आलं असतं. ‘अक्का, तू खरं सांग, माझं मी बघतो.’ ते वाक्य त्याच्या घशापर्यंत आलंही होतं. त्याला ते नीट ऐकू येत होतं, स्वतःच्याच आवाजात, जरा भरदार. पण धूळ जवळ येत होती, आणि तो म्हणाला ते दुसरंच.

“अक्का, तुला योग्य वाटेल ते कर.”

मथुरेनं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी त्यानं काचेची बरणी फोडली की ती अशीच बघायची. आरडाओरडा न करता, आता आईला काय सांगायचं याचा विचार करत.

अधिकारी व्यंकटेश नावाचे, बारीक, थकलेले गृहस्थ होते. त्या महिन्यातली ही त्यांची एकतिसावी चौकशी होती. बरोबर विमानदळाचा एक मोजणीदार, हातात नकाशाची नळी. आणि मागच्या सीटवर लाल फडक्यातला बस्ता मांडीवर घेऊन शिवाप्पा. खुर्च्या दोनच होत्या. साहेब एकीवर बसले, दुसरीवर कागद.

“खातेदार मयत,” त्यांनी कन्नडात वाचायला सुरुवात केली. “वारस?”

“मी सुब्बाराव, थोरला. हा बिंदुमाधव.”

“दोनच?”

“दोनच.” सुब्बारावांनी निवेदन पुढे केलं. तिसऱ्या सहीची जागा रिकामी होती. ते तिच्यावर अंगठा धरून होते.

“हात काढा,” साहेब म्हणाले. “ही तिसरी सही कोणाची?”

“बहिणीची. करेल. स्वल्प वेळ द्या.”

“तिचा दावा आहे?”

“छे, छे.”

“आहे,” कौशल्या म्हणाली.

बायकांनी चौकशीत बोलायचं नसतं असा काही कायदा नव्हता, पण शिपायासकट सगळ्यांनी वळून पाहिलं ते तसाच कायदा असल्यासारखं. कौशल्येचे ओठ पांढरे पडले होते. तरी तिनं डबा खाली ठेवला आणि मोकळ्या हातांनी बोलली.

“साहेब, ही बाग हिची. सासऱ्यांनी हळदीकुंकवाची म्हणून दिली, एकेचाळीस साली. माझ्या डोळ्यांदेखत पाणी सोडलं हिच्या हातावर. या वेली हिनं लावल्या. माझे मालक विसरलेत. माणसाचं वय झालं की विसरतो.”

“कौशल्या!” सुब्बाराव म्हणाले. चारचौघांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारली ती त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ. त्या दिवशी त्यांच्या बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा होत होत्या.

साहेबांनी यादी उघडली, बोट खाली सरकवत एकेचाळीसवर आणलं. “माझ्याकडे कब्जा कोणाचा ते लिहिलेलंच नाही. बाकी सगळ्या नंबरांना आहे. याला नाही.” ते जरा थांबले. थकलेल्या माणसाची नजर अशा ठिकाणी अडखळली की ती लवकर सुटत नाही. “नक्कल कोणी केली?... बि. वि.” मग त्यांनी समोर उभ्या बिंदुमाधवाकडे पाहिलं. तो त्यांच्या कचेरीतला, पण दुसऱ्या मजल्यावरचा. तोच हा नक्कल करणारा कारकून, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अजून.

“शानभोग, मूळ आहे का?”

“आहे, स्वामी.” शिवाप्पा जमिनीवर बसला आणि लाल फडक्याची गाठ सोडायला लागला. गाठ जुनी, घट्ट. तो दातांनी ओढायला लागला. बिंदुमाधवाचं सगळं शरीर त्या गाठीत जाऊन बसलं होतं.

“थांबा,” साहेब म्हणाले. “आधी बाईंना विचारतो. दावाच नसेल तर बस्ता कशाला उपसायचा? अजून तीन चौकशा आहेत. अम्मा, पुढे या.”

मथुरा पुढे आली.

“ही बाग तुमची?”

डोक्यावरून पुन्हा विमान गेलं. या वेळी कोणी मान खाली घातली नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. विमान जाईपर्यंत साहेबांना थांबावं लागलं, आणि तेवढा वेळ बिंदुमाधवाला मिळाला. पुरता मिळाला. मथुरेनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खाली पाहिलं, चुन्याच्या पांढऱ्या थेंबांकडे.

“नाही,” ती म्हणाली. “बाग भावांची आहे. मी राखण करते.”

“वन्सं!” कौशल्या म्हणाली.

“वैनींचा जीव आहे माझ्यावर,” मथुरा साहेबांना म्हणाली. “म्हणून बोलल्या. पाणीबिणी सोडलं असेल वडिलांनी. लग्नात किती काय काय सोडतात.”

साहेब तिच्या हातांकडे बघत होते. नखांच्या कडांत मोरचूद होता, वर्षानुवर्षांचा. तसे हात राखणदाराचे नसतात. त्यांनी विचारलं, “राखणीचं तुम्हाला काय मिळतं?”

“जेवण.”

“आणि?”

ती विचारात पडली. “भाऊ येतात गौरीला,” ती म्हणाली.

साहेबांनी लेखणी उचलली, जरा तशीच धरली, आणि लिहिलं. दुसरं काय करणार? बाई स्वतः नाही म्हणते. तिसऱ्या सहीच्या जागेवर मथुरेनं कन्नडात, जपून, एकही अक्षर न चुकता सही केली. शिवाप्पानं अर्धी सुटलेली गाठ पुन्हा आवळली. त्याचा चेहरा असा झाला होता, की जणू चोरी त्यानंच केली.

कौशल्येनं आधी मथुरेकडे पाहिलं. मग मथुरा जिकडे बघत होती तिकडे. मग बिंदुमाधवाच्या खाली गेलेल्या मानेकडे. बाई हिशेबाला पक्की. तिची तीन नजरांत बेरीज झाली.

“अस्सं,” ती म्हणाली. “सरी. ठीक आहे.” डबा उचलून तिनं चित्रान्न मल्लाप्पाच्या पुढे पानावर वाढलं, सगळंच्या सगळं. आणि घरच्या पुरुषांना त्या दिवशी उपाशी परतावं लागलं.

कब्जा पंधरा दिवसांत घेतला. घड तेव्हा रंगावर यायला आठवडा कमी होता. मथुरेनं साहेबांकडे मुदत मागितली नाही. मल्लाप्पानं मागितली, तर त्याला विचारलं, तू कोण. कौलं काढून न्यायला परवानगी मिळाली. सुब्बारावांनी ती मोजून नेली.

ऑगस्टात पैसे आले. दिल्लीनं मैसूर सरकारला दिले, मैसूर सरकारनं दोघा भावांना, वर शेकडा पंधरा सक्तीबद्दल. सक्ती कोणावर झाली ते पावतीत विचारलेलं नव्हतं. सुब्बारावांनी वह्यांवर रेघा मारायचं यंत्र घेतलं. ते उत्तम चालतं. घरात बायको त्यांच्याशी मुलांमार्फत बोलते. कौशल्या होसकोटला गेली आणि भावांकडे आपला एकर लिहून मागितला. थोरल्यानं दुसऱ्याच दिवशी रजिस्टर करून दिला, स्टँपचे पैसेही त्यानंच भरले, आणि तेव्हापासून त्या घरून गौरीचं बागीन आलेलं नाही. चौदा नारळ आता तिचे आहेत, माहेर नाही. मल्लाप्पा जक्कूरला दुसऱ्याच्या बागेत रोजावर लागला. कृष्णातला बढती मिळाली, त्यानं कचेरीत पेढे वाटले आणि पहिला बिंदुमाधवाला दिला. तो त्याला खावा लागला.

बिंदुमाधवानं जयनगरात घर बांधायला तीस बाय चाळीस फुटांची साइट घेतली, त्यावर तीन खोल्या काढल्या. पूर्वेची खोली अक्काला, असं त्यानं आधीच ठरवलं होतं. तो चामराजपेटेत न्यायला आला तेव्हा ती लाकडं रचत होती. खोली रिकामी केली होती, पण लाकडांना दुसरी जागा नव्हती, म्हणून अर्धी तिथेच होती.

“नको रे,” ती म्हणाली. “तुझ्याकडे आले तर तुला रोज मला बघावं लागेल.”

दिल्लीनं भरले ते सतरा हजार पाचशे पंच्याण्णव, आणि ते एकदाच. मथुरा रोज भरते. सोळा वर्षं जिच्या चुलीला तिच्याशिवाय कोणी हात लावला नाही, ती सकाळी दुसऱ्यांदा कॉफी हवी झाली की रिकामा लोटा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येते, आत पाऊल टाकत नाही, आणि कौशल्येला विचारते, “वैनी, स्वल्प घेऊ का?”

“अहो, विचारता काय, घ्या की,” कौशल्या म्हणते. रोज म्हणते, कधी चिडून, कधी डोळ्यांत पाणी आणून.

दुसऱ्या दिवशी मथुरा पुन्हा विचारते.